सिवनीच्या लांडग्यांचा धर्म : किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील कायदा, विधी आणि भय

प्रस्तावना

रुडयार्ड किपलिंग (१८६५-१९३६) यांच्या ‘द जंगल बुक’ (१८९४) आणि ‘द सेकंड जंगल बुक’ (१८९५) या दोन संग्रहांचा विचार आपल्याकडे प्रायः दोन चौकटींत केला जातो. एक चौकट बालसाहित्याची. तिच्यात मोगली, बघीरा आणि शेरखान ही पात्रे येतात आणि चित्रपटांच्या व दूरदर्शन मालिकेच्या आठवणींत विरून जातात. दुसरी चौकट वसाहतवादी साहित्याची. तिच्यात ‘किपलिंग हा साम्राज्याचा कवी’ हे विधान प्रारंभीच केले जाते आणि पुढे संहिता वाचण्याची गरज उरत नाही. या दोन्ही चौकटींत एक घटक दुर्लक्षित राहतो, तो म्हणजे लांडग्यांचा कळप. या कळपाला सभा आहे, दीक्षाविधी आहे, निषेध आहेत, ऋणाची कल्पना आहे आणि सृष्टीच्या उत्पत्तीची कथाही त्याच्या कानांवर पडलेली आहे. थोडक्यात, त्याला संस्कृती आहे आणि व्यापक अर्थाने धर्मही आहे.

प्रस्तुत लेखात या कल्पित कळपाच्या श्रद्धाव्यवस्थेचे विश्लेषण करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनाची मर्यादा मोगलीविषयक कथांपुरतीच आहे. धर्म ही संज्ञा येथे एमिल दुर्खिम यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या अर्थाने योजिली आहे. पवित्र मानलेल्या गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार यांनी बांधलेला नैतिक समुदाय, असा तो अर्थ होय. या व्याख्येत ईश्वर अनिवार्य नाही. किपलिंगच्या लांडग्यांनाही ईश्वर नाही. मग त्यांच्या धर्माच्या केंद्रस्थानी काय आहे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

१. कळप की समाज?

कथांचा भूप्रदेश आपल्याला परका नाही. सिवनी हा आजच्या मध्य प्रदेशातील जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. कथांतून सतत वाहणारी वैनगंगा पुढे भंडारा, गडचिरोली या आपल्या जिल्ह्यांतून जाते. किपलिंग यांचा जन्म मुंबईचा. परंतु या कथा त्यांनी अमेरिकेतील व्हरमाँट येथे राहून लिहिल्या. सिवनीच्या वर्णनासाठी त्यांना रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या सातपुड्यातील शिकारवर्णनाचा (१८७७) आधार मिळाला, असे अभ्यासक मानतात. म्हणजे हे रान मुख्यतः ग्रंथांतून उभे राहिलेले आहे.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पाहता लांडग्यांचा कळप हा सामान्यतः एक जोडपे आणि त्याची पिले यांचे कुटुंब असतो. किपलिंगच्या कळपात मात्र चाळीसहून अधिक लांडगे एका शिळेभोवती जमतात आणि प्रत्येक जोडप्याची गुहा वेगळी असते. ही अनेक कुटुंबांची मिळून झालेली जमात आहे. हा निसर्गवर्णनातील दोष म्हणून सोडून देता येत नाही. कळपाला कुटुंबाच्या पलीकडे नेल्याशिवाय कायदा, सदस्यत्व आणि बहिष्कार या कल्पना कथेत येऊच शकल्या नसत्या.

२. सभाशिला : दीक्षा आणि मोबदला

दर पौर्णिमेला कळप सभाशिलेजवळ जमतो. पिले पायांवर उभी राहू लागली की त्यांना तेथे आणून सर्वांना दाखविणे बंधनकारक आहे. सर्वांनी पिलू नीट पाहिले की त्याला अभय मिळते. त्याने पहिली शिकार करेपर्यंत कळपातील कोणी त्याला मारले, तर मारणाऱ्याला देहदंड आहे. जन्माने लाभलेले अस्तित्व सभेच्या दृष्टीला पडल्यावरच सामाजिक होते, हे या विधीचे तत्त्व आहे. आपल्याकडील बारशाशी त्याचे नाते सहज लक्षात येते.

मोगलीच्या बाबतीत वाद निर्माण होतो. अशा वेळी आईबाप सोडून दोघांनी पिलाच्या बाजूने बोलावे लागते. पहिला बोलतो बालू अस्वल, दुसरा बघीरा. बघीराला सभेत बोलण्याचा अधिकार नाही. परंतु जीव मोल देऊन विकत घेता येतो, या कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन तो नुकताच मारलेला एक बैल देऊ करतो. लांडगे तयार होतात, ते प्रामुख्याने भुकेपोटी. पुढे मोगलीवर कायमचा निषेध लागू होतो. त्याचा जीव एका बैलाच्या जिवावर विकत घेतलेला असल्याने त्याने गुरांना कधीही मारू अथवा खाऊ नये. भुकेचा व्यवहार अशा प्रकारे पवित्र ऋणात रूपांतरित होतो. शेवटच्या मोगलीकथेत बघीरा दुसरा बैल मारतो आणि त्या मोलावर मोगलीला मुक्त करतो. एका बैलाने आत घेतले आणि एका बैलाने बाहेर सोडले. दोन संग्रहांच्या दोन टोकांना असलेली ही जुळणी योगायोगाची मानता येणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. पिलांना कायदा शिकविणारा बालू लांडगा नाही. कायद्यातील तरतूद सांगणारा बघीरा उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मलेला असून त्याच्या गळ्यावर पट्ट्याची खूण आहे. सृष्टीची कथा सांगणारा तर हत्ती आहे. स्वतःला ‘स्वतंत्र लोक’ म्हणविणाऱ्या या जमातीचे आचार्य, विधिज्ञ आणि पुराणिक हे तिघेही बाहेरचे आहेत. लांडग्यांकडे आचार आहे. आचाराचा अर्थ सांगण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नाही.

३. एका निषेधाची दोन कारणे

कळपाच्या धर्मातील सर्वांत महत्त्वाचा निषेध मनुष्यहत्येचा आहे. पिलांना शिकार शिकविण्याचा अपवाद वगळता कोणत्याही प्राण्याने माणसाला खाऊ नये, असा कायदा आहे. या ठिकाणी निवेदक एक विलक्षण गोष्ट करतो. तो निषेधाचे खरे कारण आणि प्राणी आपापसात सांगतात ते कारण असा उघड भेद करतो. खरे कारण असे, की माणूस मारला गेला की आज ना उद्या हत्तींवर बसून बंदुका घेतलेले गोरे लोक येतात. त्यांच्याबरोबर घंटा, बाण आणि मशाली घेतलेले शेकडो काळेसावळे लोक येतात. आणि मग साऱ्या रानाला भोगावे लागते. प्राणी सांगतात ते कारण निराळे आहे. माणूस हा सर्वांत दुबळा आणि असहाय जीव असून त्याला हात लावणे शिकाऱ्याला शोभत नाही, असे ते म्हणतात. नरभक्षकाला खरूज होते आणि त्याचे दात पडतात, अशी पुष्टीही ते जोडतात.

प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने हा परिच्छेद दोन्ही संग्रहांतील सर्वांत मर्मग्राही आहे. ज्याच्यापुढे आपले काही चालत नाही, त्याला दुबळा ठरवून त्याला न मारण्यात आपले औदार्य पाहणे, ही पराभूतांच्या स्वाभिमानाची रीत आहे. भयाचे रूपांतर प्रथम नियमात आणि नंतर शीलात होते. कळपाची श्रद्धा खोटी आहे असे निवेदक म्हणत नाही. ती कशातून निर्माण झाली एवढेच तो दाखवितो.

अग्नीविषयीचा निषेधही याच जातीचा आहे. रानातील कोणताही प्राणी आगीचे खरे नाव घेत नाही. बघीरा तिला ‘लाल फूल’ म्हणतो. रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणण्याची रीत ज्या समाजात आहे, त्याला या नामनिषेधाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. ज्याचे नाव घ्यावयाचे नाही, ते पवित्र असते किंवा भयंकर असते, बहुधा दोन्ही. मोगली मात्र गावातून निखाऱ्यांचे मडके आणून त्याच सभाशिलेवर तरुण लांडग्यांना व शेरखानाला पळवून लावतो. जमातीच्या परमनिषेधालाच तो शस्त्र करतो. त्या क्षणी तो वाचतो आणि त्याच क्षणी कळपाबाहेरही जातो.

४. हाथीची कथा : इतिहासाचे पुराण

‘सेकंड जंगल बुक’मधील पहिल्या कथेत अवर्षणाने वैनगंगा आटते, पात्रातील शांतिशिला उघडी पडते आणि हाथी पाण्याचा तह जाहीर करतो. या काळात पाणवठ्यावर शिकार करणाऱ्यास मृत्यू हीच शिक्षा. लांडगे, हरणे, डुकरे, म्हशी असे सारे प्राणी पाण्याच्या दोन काठांवर उभे असताना हाथी त्यांना भयाच्या जन्माची कथा सांगतो. आद्य हत्ती ‘था’ याने सोंडेने हे रान पाण्यातून वर काढले. तेव्हा सर्व प्राणी पालापाचोळा, फळे, गवत खात असत आणि कोणी कोणाला भीत नसे. न्यायनिवाड्यासाठी नेमलेल्या आद्य वाघाने रागाच्या भरात एका हरणाला मारले आणि मृत्यू आला. त्याच्यानंतर अधिकार मिळालेल्या वानराने चाळे केले आणि लज्जा आली. शेवटी सर्वांना एका गुहेत अंगावर केस नसलेले, दोन पायांवर चालणारे भय भेटले. ते भय म्हणजे माणूस.

या कथेत बायबलमधील पतनाची छाया आहे, तशीच आपल्या कृतयुगाच्या कल्पनेचीही आहे. परंतु साम्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो पहिल्या संग्रहापासून झालेला बदल. तेथे माणसाच्या भयाला इतिहास होता. त्यात बंदुका होत्या आणि बंदुका धरणाऱ्यांचा रंगही नोंदलेला होता. हाथीच्या कथेत गोरे लोक नाहीत. गुहेतला माणूस कोणत्याही काळाचा नाही. तो आदिम आहे. शिवाय भयाचे उत्तरदायित्व आता भिणाऱ्यांवरच येते. वाघाने पाप केले म्हणून भय आले, आणि पुढे त्यानेच माणसाला मारून माणसाला मारणे शिकविले. रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्ये मिथकाविषयी जे सूत्र मांडले, की मिथक इतिहासाला निसर्गाचे रूप देते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण आहे. पराधीनता ही स्वतःच्या पूर्वपापाचे फळ आहे असे एकदा पटले, की तिच्याविरुद्ध तक्रार उरत नाही. या कथेला जोडलेल्या कायद्याच्या पद्यातही स्वच्छता, विश्रांती, शिकारीतील वाटे, मादीचे व पिलांचे हक्क असे अनेक सुज्ञ नियम येतात, आणि अखेर कायद्याचे सारे अंग म्हणजे आज्ञापालन या एका शब्दावर सर्व येऊन थांबते.

५. पुराणिकाचे आचरण

तथापि किपलिंगची संहिता तिच्या पुराणापुरती मर्यादित नाही. त्याच संग्रहातील पुढच्या एका कथेत मोगली हाथीला भरतपूरच्या शेतांची आठवण करून देतो. सापळ्यातील टोकदार खुंटाने जखमी झालेल्या हाथीने तेथे आपल्या तीन मुलांसह माणसांची गावे उद्ध्वस्त केलेली असतात. माणूस म्हणजेच भय असे सांगणारा पुराणिक स्वतः माणसाला भ्यालेला नाही. मोगलीला आणि मेसुआला छळणाऱ्या गावावर तो पुन्हा रान सोडतो.

हा विरोध साम्राज्यवादी वाचनालाही अडचणीत आणतो आणि त्याला एका वेगळ्या जागी पुष्टीही देतो. अडचण अशी, की येथे शासित उठाव करू शकतात हे संहितेनेच मान्य केले आहे. पुष्टी अशी, की उठावाचा रोख शेतकऱ्यांच्या गावावर आहे. मेसुआ आणि तिचा नवरा न्यायासाठी खान्हीवाड्याच्या इंग्रजांकडे पळून जातात, आणि साक्षीपुराव्यावाचून कोणाला जाळू वा मारू न देणारे राज्यकर्ते अशी त्यांची ओळख करून दिली जाते. गाव म्हणजे चेटकाची भीती, रान म्हणजे प्राचीन आचार आणि खान्हीवाडा म्हणजे कायदा, अशी ही मांडणी आहे. हाथीचे पाय खान्हीवाड्याकडे वळत नाहीत. पहिल्या संग्रहात ज्यांच्या बंदुकांना भिऊन कळपाचा धर्म घडला असे निवेदकाने सांगितले, त्यांनाच दुसऱ्या संग्रहात न्यायाचे आसन मिळते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात. एक, कळपाच्या धर्माचा गाभा भय आहे आणि त्याचा विषय माणूस आहे. मानवी जमाती पशूला आपले देवक मानतात. येथे पशूंच्या जमातीने मनुष्य पवित्र आणि निषिद्ध अशा जागी ठेवला आहे. दोन, या धर्माचा अर्थ लावण्याचा अधिकार जमातीबाहेरच्यांकडे आहे. म्हणून कायदा मोडल्यावर कळप सैरभैर होतो आणि पुन्हा नेतृत्व करावे अशी अकेलाला विनवणी करतो. तीन, पहिल्या संग्रहात किपलिंग श्रद्धेमागील सत्तेचे नाव घेतात आणि दुसऱ्यात तीच सत्ता पुराणाआड जाते. लेखकाची मर्यादा येथे दिसते, तशी त्याची दृष्टीही येथेच दिसते.

१९१६ मध्ये बेडन-पॉवेल यांनी बालवीरांच्या धाकट्या शाखेसाठी हाच कळप आदर्श म्हणून घेतला. आपल्या शाळांतील ‘कब’ हे त्याचेच वारस आहेत. आज्ञापालनाचा पाठ तेथे टिकला. त्या पाठामागील दोन कारणांचा भेद मात्र गळून पडला. दुसरीकडे आपल्या रोजच्या मराठीत ‘जंगलचा कायदा’ म्हणजे ‘बळी तो कान पिळी’. किपलिंगच्या रानात याच्या नेमके उलट आहे. तेथे बळी असलेल्यालाही कायदा आहे, आणि दुबळ्याला तो कायदा कोणाच्या भयातून आला हे विसरावयास शिकविले आहे.

अध्यापकांच्या दृष्टीने प्रश्न येथेच येतो. हा ग्रंथ वर्गात आणताना त्याला निरागस म्हणून सोडून देणे किंवा साम्राज्यवादी म्हणून मिटून ठेवणे, या दोन्हींत श्रम वाचतात. त्याऐवजी मनुष्यहत्येच्या निषेधाचा तो एक परिच्छेद विद्यार्थ्यांसमोर ठेवून, ‘आपण पाळतो त्या नियमांचे आपण सांगतो ते कारण कोणते आणि खरे कारण कोणते?’ एवढा प्रश्न विचारता आला, तर सिवनीच्या लांडग्यांचा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.