पूर्वप्राथमिक वयोगटासाठीची मराठी ऑनलाइन अध्ययनसाधने : एक चिकित्सा

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये शाळांबरोबर अंगणवाड्या व बालवाड्याही बंद झाल्या आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण काही काळ पूर्णतः घरावर येऊन पडले. त्याच वर्षी जुलैमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून शिक्षणाच्या आकृतिबंधात आणला. शाळा पुन्हा उघडल्या. मुलासाठी मोबाइलवर काहीतरी शोधण्याची पालकांची सवय मात्र मागे राहिली. या साधनांची चर्चा बहुधा ‘मोबाइल द्यावा की देऊ नये’ या प्रश्नापाशीच थांबते. त्यांतील मराठीची, तिच्या अक्षरक्रमाची व उच्चारांची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

पडद्यावरील अंकलिपी

मराठी मुळाक्षरांची एखादी चित्रफीत वा ॲप उघडले असता बहुतांशी जुनी अंकलिपीच हलत्या चित्रांसह समोर येते. अ अननसाचा, ई ईडलिंबाचा, उ उखळाचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा. ईडलिंबू छापील अंकलिपीच्या काळात तरी किती मुलांनी पाहिले असेल, हा प्रश्नच आहे. सदनिकेत वाढणाऱ्या मुलाला तर उखळ आणि ऐरण ही दोन्ही केवळ चित्रेच होत.

क्रमाची गोष्ट याहून गंभीर आहे. ‘गमभन’ हा शब्द मराठीत आरंभीच्या शिक्षणाचा वाचक झाला, त्यामागे सारख्या वळणाची अक्षरे एकत्र गिरविण्याची पद्धत होती. हाताच्या वळणाचा विचार करणारा तो क्रम पाटीवर होता. बोटाने टिचकी मारण्याच्या साधनात तो हरपला व क-ख-ग-घ-ङ हा उच्चारस्थानांचा क्रम तेवढा उरला. वस्तुतः पडद्यावर अक्षरे कशीही मांडता येतात. अशा माध्यमाने सर्वांत ताठर क्रम स्वीकारावा, हे आश्चर्यकारक होय.

उच्चारांच्या बाबतीतही हीच हेळसांड आढळते. मराठीत ‘चमचा’ व ‘चाक’ यांतील च दंततालव्य, तर ‘चहा’ व ‘चिमणी’ यांतील च तालव्य आहे. लिपीत हा भेद दिसत नाही. मूल तो कानानेच टिपते. हिंदी आवृत्तीवरून बेतलेल्या ध्वनिफितीत ‘चमचा’ हिंदी वळणाने उच्चारला गेला, किंवा ‘ळ’चा ‘ल’ झाला, तर पुण्यातील मुलाचे फारसे बिघडत नाही. घरातील आजी ते सहज दुरुस्त करते. बंगळुरूत वा न्यू जर्सीत ज्या घरी मराठी बोलणारी व्यक्ती एकच आणि तीही दिवसभर कामावर असते, तेथे ती ध्वनिफीत हीच मुलाची मराठी ठरू लागते.

स्टोरीवीव्हर : गुण आणि मर्यादा

या पार्श्वभूमीवर प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या व्यासपीठाचा वेगळा विचार करावा लागतो. मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेली मराठी चित्रपुस्तके येथे विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात व छापताही येतात. पान उलटण्यासाठी कोणीतरी शेजारी बसावे लागते, ही पालकांना गैरसोय वाटेल. परंतु साधनाचा खरा गुण तोच आहे.

दोष भाषेचा आहे. अनुवाद कोणालाही करता येत असल्याने काही पुस्तकांची मराठी ओघवती, तर काहींची इंग्रजी वाक्यरचनेला जखडलेली दिसते. पुस्तकांच्या चार पातळ्या ठरविताना शब्दसंख्या हा एक निकष मानला जातो. इंग्रजीत ‘अंडर द ट्री’ हे तीन शब्द. मराठीत ‘झाडाखाली’ हा एकच. शब्द कमी झाले म्हणून वाचन सोपे झाले, असे येथे म्हणता येत नाही. सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय आणि जोडाक्षर यांचा भार मराठी शब्दाच्या पोटात असतो आणि तो मोजणीत येत नाही.

बोर्डी-कोसबाडचा निकष

गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ पासून बोर्डीला व नंतर कोसबाडला ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह जे काम उभारले, त्यात माँटेसरीची महागडी साधने बाजूला सारून बिया, पाने, शंख-शिंपले यांना साधनांचा दर्जा दिला. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडी पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. त्या अनुभवातून आजच्या ऑनलाइन साधनासाठी एक निकष काढता येतो : साधन बंद झाल्यावर मूल कशाकडे वळते? भाजीची गोष्ट ऐकून ते स्वयंपाकघरातील टोपलीकडे गेले, तर साधन उपयोगी. पुढच्या चित्रफितीसाठी रडू लागले, तर त्या साधनाने मुलाला घरापासून तोडले, असेच म्हणावे लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी पडद्यासमोर कमाल एक तासाची मर्यादा सुचविली, आणि बैठ्या वेळेत मोठ्यांनी गोष्टी सांगाव्यात, पुस्तके वाचावीत असेही नमूद केले. पहिले सर्वत्र उद्धृत होते, दुसरे होत नाही. याला कारण आहे. एका खोलीच्या घरात स्वयंपाक उरकेपर्यंत आई मुलाच्या हाती मोबाइल देते, ती तिची निकड असते; तिला दोष देणे सोपे आणि निरर्थक होय. मोठ्यांचा वेळ वाचवणारे साधन तिला हवे असते, आणि मुलाला तर नेमका तोच वेळ हवा असतो. या पेचावर ॲपमध्ये उत्तर नाही. रात्री दहा मिनिटे एक छापलेली गोष्ट वाचण्याइतकी सवड मात्र पुष्कळ घरांत निघू शकते, आणि त्यासाठी बिनचूक मराठीतील पुस्तक हाताशी असावे लागते.

येथे महाविद्यालयांच्या मराठी विभागांचा संबंध येतो. अनुवादकौशल्याच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी केलेले अनुवाद गुणदानानंतर सहसा कपाटात पडून राहतात. त्याऐवजी पहिल्या पातळीची वीस पुस्तके जवळच्या बालवाडीत मोठ्याने वाचून पाहणे, मुले कोणत्या शब्दाशी अडखळतात त्याची नोंद ठेवणे आणि सुधारलेला अनुवाद पुन्हा त्या व्यासपीठावर चढविणे, हे एका सत्रात होण्याजोगे काम आहे.