शब्दाचे मूळ आणि तालाचे मूळ

आफ्रो-कॅरिबियन संगीताच्या उगमाची चर्चा पुष्कळदा शब्दव्युत्पत्तीपाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. वाद्याचे नाव आफ्रिकी निघाले की वाद्यही आफ्रिकी ठरते. क्यूबाचे फर्नांदो ओर्तिस यांचा आफ्रिकी शब्दांचा कोश (१९२४) आणि क्यूबाच्या लोकसंगीतातील आफ्रिकीपणावरील ग्रंथ (१९५०) या क्षेत्रात अपरिहार्य आहेत. १९०६ साली याच समाजाकडे गुन्हेशास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्या लेखकाने हे कार्य करावे, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि कोशाची कसोटी तालाला लावताना सावध राहिले पाहिजे.

बाता या तीन ढोलांच्या संचाचे उदाहरण घ्यावे. त्यांतील सर्वांत मोठा 'इया'. योरुबा भाषेत या शब्दाचा अर्थ माता. येथे व्युत्पत्ती निर्विवाद आहे. परंतु योरुबा ही तीन सुरांची भाषा आहे. 'ओको' हा उच्चार अंत्य सुराप्रमाणे पती, कुदळ किंवा वाहन असा अर्थ देतो. हे सूर ढोलावर उमटवता येतात, म्हणून तेथे ढोल खरोखरच बोलतो. (आपल्या तबल्याचे 'बोल' निराळे, तेथे तोंड वाद्याचे अनुकरण करते.) क्यूबात गुलामांचे वंशज स्पॅनिशभाषी झाले. लुकुमी ही धर्मविधीची भाषा म्हणून उरली. शब्द टिकले, पण अर्थभेदक सूर बव्हंशी लोपले. मग मातान्सासमधील कोणता ठोका एकेकाळी वाक्य होता, हे कोश कसे सांगणार? त्यासाठी योरुबा प्रदेशातील वादकांचे ठोके शेजारी ठेवूनच ऐकावे लागतील.

उलट 'क्लावे' हा शब्द शुद्ध स्पॅनिश. नावावरून निर्णय केल्यास पाच ठोक्यांचे हे आवर्तन आफ्रिकेबाहेरचे ठरेल. प्रत्यक्षात पश्चिम आफ्रिकेतील घंटावादनाशी त्याचे नाते उघड आहे. परंतु साम्य दिसताच दिशा ठरली, असेही मानू नये. आक्रा येथील क्पानलोगो नृत्यात हेच आवर्तन आढळते. ते नृत्य मात्र १९६० नंतरच्या दशकातले. तत्पूर्वी, १९३० च्या दशकापासून, क्यूबन ध्वनिमुद्रिका आफ्रिकेत पोहोचल्या होत्या. काँगोतील आरंभीचे काही गायक तर अर्थ न कळताही स्पॅनिशसदृश शब्द गात! या पाच ठोक्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने गुलामांच्या जहाजांच्या नोंदींबरोबर ध्वनिमुद्रिकांच्या याद्याही चाळाव्यात.