मृदू आवाजाचा नट

स्तालिन १९५३ साली गेला, तेव्हा सोव्हिएत रंगभूमीला एकाच साच्याची सवय झालेली होती. स्तानिस्लाव्स्कीची पद्धत खरं तर शोध घेण्यासाठी होती, पण तिची पोथी झाली होती आणि मॉस्को आर्ट थिएटर हेच सगळ्या देशाने गिरवायचं वळण ठरलं होतं. नायक ठाम हवा, त्याची छाती पुढे हवी, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचला पाहिजे. या नायकाला शंका येत नसे. दोस्तोयव्स्कीकडे तर संशयानेच पाहिलं जाई. १९५६ नंतर बर्फ वितळू लागला. मॉस्कोत ओलेग येफ्रेमोव आणि त्याच्या तरुण सोबत्यांनी सोव्रेमेन्निक उभं केलं, तर लेनिनग्राडच्या बोल्शॉय ड्रामा थिएटरची सूत्रं गेओर्गी तोव्स्तोनोगोवने हाती घेतली. तिथे ३१ डिसेंबर १९५७ रोजी दोस्तोयव्स्कीच्या 'इडियट'चा पहिला प्रयोग झाला. प्रिन्स मिश्किनच्या भूमिकेत होता बत्तीस वर्षांचा, फारसं नाव नसलेला इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की.

प्रयोग संपला की नटाचं काम हवेत विरतं. त्या मिश्किनचे आपल्यापर्यंत आलेत ते तुकडे, छायाचित्रं आणि पाहिलेल्यांच्या साक्षी. तरीही रशियन अभिनयाच्या इतिहासात त्या रात्रीला वगळून पुढे जाता येत नाही. रंगमंचावर आलेला हा माणूस कुणावर छाप पाडायला आलेलाच नव्हता. तो समोरच्याचं ऐकायचा, अडखळायचा, त्याचे लांब हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नसे, आणि त्याचा आवाज इतका मृदू की तो ऐकण्यासाठी प्रेक्षकालाच पुढे झुकावं लागे. ही भूमिका त्याला सहज सापडली नव्हती. तालमींत बरेच दिवस काहीच जमेना. मग एकदा लेनफिल्म स्टुडिओच्या गर्दीत एक माणूस एका बाजूला उभ्याउभ्या पुस्तक वाचताना त्याला दिसला. आजूबाजूच्या गडबडीचा त्या माणसाला स्पर्शही होत नव्हता. तो अनेक वर्षं छावणीत काढून परतलेला आहे, हे नंतर कळलं. आपला मिश्किन तिथे सापडला, असं स्मोक्तुनोव्स्कीने पुढे सांगितलं आहे.

ही खूण त्यालाच पटावी, याला कारण होतं. सायबेरियातल्या तोम्स्क भागातल्या तात्यानोव्का गावी १९२५ साली त्याचा जन्म झाला, आणि क्रास्नोयार्स्कमध्ये मावशीकडे तो वाढला. १९४३ मध्ये सैन्यात भरती झाला, कुर्स्कच्या लढाईतून गेला आणि वर्षअखेरीस कीवजवळ जर्मनांच्या हाती सापडला. महिनाभराने तो निसटला. एका युक्रेनी कुटुंबाने त्याला लपवलं. मग गनिमांबरोबर आणि पुन्हा सैन्यात लढत तो जर्मनीपर्यंत पोचला. छातीवर शौर्यपदकं होती, पण 'शत्रूचा कैदी' हा शिक्काही होता, आणि त्या काळात असा माणूस कायम संशयितच. १९४६ साली तो ध्रुववृत्तापलीकडच्या नोरील्स्कच्या थिएटरात गेला, कारण तिथून आणखी पुढे पाठवायला जागाच उरलेली नव्हती. ते शहरच कैद्यांच्या श्रमातून उभं राहिलेलं. तिथे त्याच्यासोबत काम करत होता हद्दपारीत दिवस काढणारा गेओर्गी झ्झ्योनोव, पुढे हाही पडद्यावर मोठा झाला. मूळचं स्मोक्तुनोविच हे आडनाव बदललं तेही नोरील्स्कमध्येच. पुढे मखाचकला, स्तालिनग्राड, आणि १९५५ मध्ये मॉस्को. 'सोल्जर्स' (१९५६) या चित्रपटात त्याने चष्मा लावणारा, सैन्यात बावरलेला फार्बर केला, आणि त्याचे डोळे तोव्स्तोनोगोवच्या लक्षात राहिले.

प्रांतोप्रांतीच्या थिएटरांतली ही वर्षं चरित्रांत 'संघर्ष' म्हणून उरकली जातात. मला ती त्याच्या अभिनयाची खरी शाळा वाटतात. ज्याला वर्षानुवर्षं आपलं खरं बोलणं गिळावं लागलं, त्याला वाक्याच्या आत दुसरं वाक्य दडवता येणारच.

ग्रिगोरी कोझिन्त्सेवच्या 'हॅम्लेट'मध्ये (१९६४) हे कसब कायमचं टिपलं गेलं. भाषांतर पास्तरनाकचं, संगीत शोस्ताकोविचचं. हॅम्लेट घोडा फेकत किल्ल्यात शिरतो आणि त्याच्या मागे पूल वर उचलला जातो. तिथून पुढे दगडी भिंती, पहारे आणि कान टवकारलेले दरबारी यांच्यातच त्याला वावरायचं आहे. सुप्रसिद्ध स्वगत तो समुद्रकाठच्या खडकांतून चालताना म्हणतो, पण ओठ मिटलेले. आपल्याला ऐकू येतो तो मनातला आवाज, कारण या किल्ल्यात मोठ्याने विचार करणं धोक्याचं आहे. आणि मग बासरीचा प्रसंग. मित्र म्हणून पाठवलेले हेर समोर उभे आहेत, तो त्यांना बासरी वाजवायला सांगतो, त्यांना येत नाही. मग माझ्यावर कसे वाजवू पाहता, हा त्याचा प्रश्न. दुसरा नट इथे कडाडला असता. स्मोक्तुनोव्स्की आवाज वाढवत नाही, सौजन्य सोडत नाही, आणि म्हणूनच ते दोघे आपल्या डोळ्यांदेखत लहान होत जातात. सोव्हिएत प्रेक्षकाला ही दृश्यं डेन्मार्कची वाटली नसणार. या भूमिकेसाठी त्याला १९६५ चं लेनिन पारितोषिक मिळालं. १९७१ मध्ये तागान्का थिएटरात व्लादिमीर विसोत्स्कीने घोगऱ्या आवाजात, हातात गिटार घेऊन हॅम्लेट उभा केला आणि पुढची पिढी त्याच्या मागे गेली. दोघांत श्रेष्ठ कोण, ही चर्चा मला निष्फळ वाटते. पण विसोत्स्कीचा उद्रेक रंगमंचावर शक्य झाला, याला आधीच्या हॅम्लेटने मोकळी केलेली जागाही कारण होती, असं माझं मत आहे.

१९६६ मध्ये एल्दार र्‍याझानोवच्या 'बिवेअर ऑफ द कार'मध्ये त्याने युरी देतोच्किन केला. हा साधाभोळा माणूस लाचखोरांच्या गाड्या चोरून विकतो आणि ते पैसे अनाथालयांना देतो. फावल्या वेळात हौशी नाटकमंडळीत तो हॅम्लेट करतो, आणि त्याच्या मागावरचा तपास अधिकारी असतो लेआर्तीज! विनोदी चित्रपटातही मिश्किनचा निरागसपणा तसाच राहतो.

इथपर्यंत मृदूपणा म्हणजे चांगुलपणा, हे समीकरण पक्कं झालं होतं. त्याची थोरवी अशी की ते त्याने स्वतःच मोडलं. कुलिजानोवच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये (१९७०) तो पोर्फिरी पेत्रोविच आहे. तीच ऐकून घेण्याची वृत्ती, तोच मवाळ स्वर, पण आता ते रस्कोल्निकोवभोवती टाकलेलं जाळं आहे. त्याच सुमारास त्याने कोन्चालोव्स्कीच्या 'अंकल वान्या'त आयुष्य फुकट गेल्याचं उमगलेला वोइनित्स्की केला. पुश्किनचंही तसंच. १९६२ मध्ये तो पडद्यावर मोत्सार्ट होता, तर १९७९ च्या 'लिटल ट्रॅजेडीज'मध्ये त्याच मोत्सार्टला विष देणारा सालिएरी. आणि तार्कोव्स्कीच्या 'मिरर'मध्ये (१९७५) त्याचा फक्त आवाज आहे. निवेदकाचा चेहरा दिसत नाही, तरीही चित्रपटभर तो माणूस आपल्या शेजारी बसलेला असतो.

रंगभूमीवर त्याने १९७३ मध्ये माली थिएटरात 'झार फ्योदर'ची भूमिका घेतली. १८९८ मध्ये याच नाटकाने मॉस्को आर्ट थिएटर सुरू झालं होतं आणि इव्हान मोस्क्विनचा फ्योदर आख्यायिका बनला होता, त्यामुळे तुलना अटळ होती. १९७६ मध्ये तो येफ्रेमोवच्या हाती आलेल्या मॉस्को आर्ट थिएटरात गेला, चेखवचा इवानोव केला, आणि १९८४ मध्ये लेव दोदिनच्या 'द गोलोव्ल्योव्ज'मध्ये युदुश्का. साल्तिकोव-श्चेद्रिनच्या कादंबरीतला हा माणूस देवाचं नाव घेत, गोड बोलत, आख्ख्या घराचा घास घेतो. मिश्किनपासून युदुश्कापर्यंत, त्याच मृदू आवाजाने त्याने दोन टोकं गाठली. एका टोकाला करुणा, दुसऱ्या टोकाला सडलेली भक्ती. आपल्या लाडक्या गुणाची अशी उलटतपासणी करणारे नट मला फार थोडे आठवतात.

सगळंच काम या पातळीचं नाही. १९६५ मध्ये त्याने पडद्यावर लेनिन केला, त्यात त्याच्या कलेला श्वास घ्यायला जागाच नव्हती. उत्तरकाळात त्याने पुष्कळ चित्रपट स्वीकारले. काहींत स्वर मुद्दाम लांबवणं, वाक्याच्या मध्येच थबकणं ही नुसती लकब उरली. त्याच्या चाहत्यांनी हे मान्य करायला हरकत नाही. लकबी उसन्या घेणाऱ्या पुढच्या नटांनी त्या तेवढ्याच उचलल्या, दडवलेलं वाक्य मात्र त्यांना मिळालं नाही.

पण शेवटही लकबीवर झालेला नाही. १९९० च्या 'लेडीज टेलर'मध्ये तो कीवमधला म्हातारा ज्यू शिंपी आहे. सप्टेंबर १९४१, बाबी यारच्या हत्याकांडाच्या आदल्या रात्री कुटुंब घरात जमलं आहे. कीवजवळच पकडला गेलेला सैनिक आता वयाने त्या शिंप्याएवढा झाला होता. त्याने इथे एकही हुकमी हेल वापरलेला नाही, तो नुसता घरातल्या माणसांकडे बघतो आणि कामाचं बोलतो. या भूमिकेसाठी त्याला नीका पुरस्कार मिळाला, आणि चार वर्षांनी, ३ ऑगस्ट १९९४ रोजी, तो गेला. ज्यांनी त्याचं काम पाहिलेलं नाही त्यांनी सुरुवात 'हॅम्लेट'ने करावी, मग पोर्फिरी पाहावा आणि त्यानंतर हा शिंपी.