पाठ्यपुस्तकातले नेचे

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २००६ साली अकरावीसाठी जीवशास्त्राचे पुस्तक काढले. त्यातील वनस्पतिसृष्टीचे प्रकरण बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. प्रवेशपरीक्षांसाठी आपल्याकडची मुलेही तेच वाचतात. नेचे आणि त्यांच्या सोबत्यांवरचा, म्हणजे टेरिडोफायटांवरचा, त्यातला मजकूर छोटा आहे. मात्र त्यातली दोन विधाने जशीच्या तशी शिकवू नयेत असे आम्हांला वाटते.

जमेची बाजू आधी सांगू. पिढ्यांचे एकांतरण येथे स्वच्छ मांडले आहे. सिलॅजिनेला आणि साल्विनिया यांच्यात दोन आकारांचे बीजाणू असतात, आणि बीजधारी वनस्पतींकडे जाणारी वाट तेथून दिसू लागते, हा मुद्दाही नेमका आला आहे. पदवीच्या जुन्या पुस्तकांत तो शोधत बसावे लागे.

पहिली हरकत वर्गीकरणाला. पुस्तकात टेरिडोफायटांचे चार वर्ग दिले आहेत : सायलोटम एकात, सिलॅजिनेला व लायकोपोडियम दुसऱ्यात, एक्विसेटम तिसऱ्यात आणि उरलेले सर्व नेचे चौथ्यात. ही विभागणी बाह्यरूपावरून झालेली. सायलोटमला मुळे नाहीत, नावाजोगी पाने नाहीत. म्हणून तो भूमीवरील पहिल्या वनस्पतींचा अवशेष मानला गेला. पण २००१ साली कॅथलीन प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीररचना यांचा एकत्र अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला, आणि चित्र पालटले. सायलोटम व एक्विसेटम दोघेही नेच्यांच्याच कुळातले निघाले. सायलोटमचे जवळचे नातलग कोण, तर ऑफिओग्लॉसम. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर एक पान आणि एक बीजाणूंचे कणीस घेऊन उगवणारी ती चिमुकली वनस्पती. उलट सिलॅजिनेला व लायकोपोडियम यांची शाखा फार पूर्वीच वेगळी झालेली आहे. नेच्याचे नाते सिलॅजिनेलापेक्षा आंब्याशी जवळचे आहे! पुस्तक छापले गेले तेव्हा हे निष्कर्ष पाच वर्षांचे झाले होते.

२०१६ मध्ये जगभरच्या ९४ तज्ज्ञांनी मिळून नवी मांडणी केली. तीत दोनच वर्ग आहेत. लायकोपोडियमच्या वर्गात सुमारे १,३०० जाती, नेच्यांच्या वर्गात सुमारे १०,५००. त्यांपैकी एक्विसेटमच्या जाती जेमतेम पंधरा आणि सायलोटमच्या कुळातल्या सतराच्या आसपास. म्हणजे जुन्या चार वर्गांपैकी दोन वर्ग मूठभर जातींसाठी राखून ठेवलेले होते, आणि दहा हजारांवर नेच्यांचे वैविध्य एकाच गाठोड्यात बांधले होते.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. प्रोथॅलसला सावली व ओल लागते, फलनाला पाणी लागते, म्हणून नेच्यांचा प्रसार मर्यादित व थोड्याच प्रदेशांपुरता राहिला, असे पुस्तक सांगते. कारण बरोबर, पण निष्कर्ष चुकीचा. येथे जातींची दाटी आणि जातींचा पसारा यांची गल्लत झाली आहे. दाटी खरोखरच दमट डोंगराळ उष्ण प्रदेशांत असते. भारतात पूर्व हिमालय आणि पश्चिम घाटाचा दक्षिण भाग त्यासाठी प्रसिद्ध आहेत. सह्याद्रीने उत्तरेकडे यावे तसे कोरडे महिने वाढतात आणि जाती कमी होतात. पण एकेका जातीचा पसारा पाहिला तर नेचे सपुष्प वनस्पतींना सहज मागे टाकतात. महाबळेश्वरला दिसणारे टेरिडियम आपल्या जवळच्या नातलगांसह जवळजवळ सर्व खंडांवर आहे. बीजाणू धुळीइतके हलके. वारा त्यांना समुद्रापार नेतो. १८८३ च्या उद्रेकाने क्राकाटाऊ बेट राखेखाली गाडले गेले. तीन वर्षांनी ट्रॉइब हे वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे गेले, तेव्हा नेच्यांच्या अकरा जाती येऊन स्थिरावल्या होत्या.

पाण्याची अट तरी सर्वांना सारखी कोठे आहे? दख्खनच्या खडकांच्या फटींत मयूरशिखा उभी असते. चंदेरी पाठीचे चायलँथिस उन्हाळ्यात पाने गुंडाळून घेते आणि पहिल्या सरीला उलगडते. शिवाय काही नेचे फलन टाळतातच. टेरिस क्रेटिका या नेच्याचे रोप प्रोथॅलसच्या पेशींतून थेट, फलनाविना उगवते, हे फार्लो यांनी १८७४ सालीच दाखवले होते. साल्विनिया मोलेस्टा तर वंध्य आहे. तुकड्यातुकड्यांनी वाढत ब्राझीलहून आलेल्या या वनस्पतीने केरळातील कालवे भरून टाकले.

जुन्या चुन्याच्या भिंतीवर टेरिस व्हिट्टाटा वाढताना पाहणारा विद्यार्थी पुस्तकातले विधान पाठ करतो, आणि भिंतीवरचे खरे की पुस्तकातले, हे विचारायचे त्याला सुचत नाही. विचारले तर त्याला गप्प करू नये. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर एक प्रयोग करता येईल. पक्व बीजाणुधानी पट्टीवर फोडून आतले बीजाणू मोजावेत. नेहमीच्या पद्धतीने फलन होणाऱ्या बहुतेक नेच्यांत ते ६४ भरतात. फलन टाळणाऱ्यांत बहुधा ३२. चायलँथिसच्या गटात याला अपवाद आहेत, म्हणून सुरुवात टेरिसपासून करावी.