ई-पीक पाहणी आणि तिचा गृहीत वाचक

ग्रंथपरीक्षणाच्या या पृष्ठांवर आम्ही एका सरकारी ॲपचा विचार करावयास बसलो आहोत, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु लेखक ज्याप्रमाणे मनाशी एक वाचक कल्पूनच लेखणी उचलतो, त्याप्रमाणे ॲपचा रचनाकारही एक माणूस कल्पूनच पडद्याची मांडणी करतो. कंटाळवाणा ग्रंथ मिटून ठेवता येतो. हे ॲप मिटून ठेवण्याची मुभा शेतकऱ्यास नाही, म्हणून त्यावरील टीका अधिक काटेकोर असावयास हवी.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचा हेतू उत्तम होता, हे प्रथम सांगितले पाहिजे. तलाठ्याने चावडीत बसून अंदाजाने पीक लिहावे आणि कागदावर नाचणीच्या जागी भात उभे राहावे, ही जुनी तक्रार. तीवर उपाय म्हणून शेतकऱ्यानेच शेतात उभे राहून, छायाचित्रासह व अक्षांश-रेखांशासह, आपल्या पिकाची नोंद करावी अशी योजना झाली. ही नोंद सातबाऱ्यावर चढते. न चढली तर नुकसानभरपाई, पीकविमा, सरकारी धानखरेदी, सर्वत्र अडते.

आता हा ग्रंथ महाड-पोलादपुरात उघडून पाहावा. येथे शेत म्हणजे उतारावरची चिंचोळी खाचरे आणि वर वरकस जमिनीतील नाचणी-वरी. सातबाऱ्यावर भाऊबंदांची लांबच लांब यादी. त्यांतील पुष्कळ मुंबईस चाकरीला, आणि बांधावर उभी म्हातारी आई. पडद्याने कल्पिलेला माणूस, ज्याच्या हाती चालता स्मार्टफोन, जवळ टॉवर आणि बोटांना पडद्याची सवय, तो या बांधावर क्वचितच भेटतो. रचनाकारांस याची जाणीवच नव्हती असे मात्र नाही. नेटवर्क नसेल तर नोंद फोनातच ठेवून मागाहून पाठविता यावी, एकाच फोनावरून अनेक खातेदारांची नोंद व्हावी, ही सोय त्यांनी ठेवली, आणि या रचनेतील सर्वांत शहाणपणाचा भाग आम्हांस तोच वाटतो. पण त्याच सोयीने गावात एक नवा मध्यस्थ उभा केला: चांगला फोन बाळगणारा तरुण. तलाठ्याची विनवणी करणारी म्हातारी आता पुतण्याची विनवणी करते. पुतण्या भला असेल तर प्रश्नच नाही. परंतु बांधावरून भाऊबंदकीचा वाद चालू असेल, तर म्हातारीच्या नाचणीचे छायाचित्र कोण काढणार?

ॲप येण्याच्या अवघे २४ दिवस आधी, २२ जुलै २०२१ रोजी, सावित्री-गांधारीच्या पुराने महाड बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. वीज गेली, मोबाइल मुके झाले, बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. ज्या मुलखाने टॉवरचे मौन नुकतेच अनुभवले, त्याच्याच हाती आठवडे तीन-साडेतीन लोटतात न लोटतात तोच फोन हे नोंदीचे साधन म्हणून देण्यात आले. देण्यात आले कसले! ज्याने त्याने ते आपल्या पैशाने घ्यावे, असे गृहीत धरण्यात आले.

आणि फोन ही एकदा घेऊन संपणारी वस्तू नव्हे. नवी आवृत्ती आली की जुन्या फोनास ती पेलवेनाशी होते. बॅटरी आत अशी चिकटविलेली की ती फुगली तर गावात बदलून मिळणे कठीण. फोनाचा बहुतेक कार्बनभार तो कारखान्यात घडतानाच पडतो, म्हणजे वापरून झीज होण्यापूर्वीच टाकलेला प्रत्येक फोन हा दुहेरी तोटा. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला व त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद आहे. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकालाच बदलता यावी असा नियम केला तो उगीच नव्हे. आमच्याकडे मात्र ॲपची चर्चा म्हणजे बटण केवढे आणि रंग कोणता!

पुढे उरलेल्या नोंदींसाठी सहायक नेमण्याची तजवीज झाली, तिचे आम्ही स्वागत करतो. तथापि फोन नसलेल्या खातेदाराच्या कागदी अर्जासही चावडीत तेवढेच मोल मिळाले पाहिजे. आणि पुढील आवृत्ती तिच्या कर्त्यांनी प्रथम पोलादपूरच्या एखाद्या वरच्या वाडीत, ऑगस्टच्या पावसात, पाच वर्षांच्या जुन्या फोनावर स्वतः चालवून पाहावी.