उजेड आणि पुरावा : जिवंत पेशीतील धातुयुक्त संदीप्त शोधकांविषयी काही विचार

प्रस्तावना

रुथेनियम, इरिडियम, युरोपियम, टर्बियम इत्यादी धातूंच्या जटिल संयुगांच्या साहाय्याने पेशीच्या अंतरंगाचे चित्रण करणारे शोधनिबंध आज विपुल प्रमाणात प्रसिद्ध होतात. काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगाने उजळलेल्या पेशींचे छायाचित्र हा अशा निबंधांचा जणू अनिवार्य भाग झाला आहे. हा उजेड नेमके काय सिद्ध करतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात एका प्रसिद्ध संयुगाच्या आधारे केला आहे.

या संयुगांचे सामर्थ्य

या संयुगांचे गुण निर्विवाद आहेत. शोषलेल्या आणि उत्सर्जित प्रकाशाच्या तरंगलांबीत मोठे अंतर असल्याने दोहोंची सरमिसळ होत नाही. पेशीची स्वतःची चमक काही नॅनोसेकंदांत मावळते. रुथेनियम संयुगांची संदीप्ती शेकडो नॅनोसेकंद, तर युरोपियम व टर्बियम यांची मिलिसेकंदांपर्यंत टिकते. त्यामुळे क्षणभर थांबून केलेल्या मोजणीत पेशीची चमक वगळता येते.

‘रेण्वीय लाइट स्विच’ची कसोटी

1990 मध्ये जॅकलिन बार्टन व सहकाऱ्यांनी रुथेनियमच्या डीपीपीझेड हा लिगँड असलेल्या संयुगाचे वर्णन प्रसिद्ध केले. पाण्यात हे संयुग जवळजवळ अंधारे असते, कारण पाण्याचे रेणू लिगँडवरील नायट्रोजन अणूंशी हायड्रोजन बंध जोडून संदीप्ती विझवतात. डीएनएच्या आधारक-जोड्यांमध्ये लिगँड शिरला की नायट्रोजन पाण्यापासून सुरक्षित होतात आणि संदीप्ती दहा हजारपटींनी वाढते. यावरून ‘रेण्वीय लाइट स्विच’ हे नाव रूढ झाले.

परीक्षानळीत डीएनए व पाणी असे दोनच पर्याय असतात. पेशीत तसे नसते. तेथे स्निग्ध पटले आहेत, प्रथिने आहेत. पाण्यापासून संरक्षण देणारे कोणतेही स्थान हा दिवा पेटवू शकते. त्यामुळे ‘उजेड आहे, म्हणून डीएनए आहे’ हे अनुमान पेशीत आपोआप लागू पडत नाही. उलटपक्षी, अंधार म्हणजे संयुगाचा अभाव असेही म्हणता येत नाही. संयुग उपस्थित असूनही विझलेले असू शकते.

2007 मध्ये पकेट आणि बार्टन यांनी हेला पेशींवर केलेले काम या दृष्टीने बोधप्रद आहे. आकाराने मोठे, परंतु अधिक स्निग्धस्नेही असलेले संयुग पेशीत अधिक सहजतेने शिरले. मात्र ते मुख्यतः पेशीद्रवात आढळले. डीएनएशी घट्ट बांधला जाणारा रेणू केंद्रकापर्यंत पोहोचेलच असे नाही, हा त्याचा अर्थ. 2009 मध्ये शेफील्ड येथील गटाने दोन रुथेनियम केंद्रे असलेल्या संयुगाने जिवंत पेशीतील केंद्रकीय डीएनएचे थेट चित्रण केल्याचे दाखविले. म्हणजे उद्दिष्ट असाध्य नाही. परंतु प्रत्येक संयुगाने ते स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

आक्षेपाचे मुद्दे

पहिला आक्षेप ‘जिवंत’ या शब्दाच्या सैल वापरावर आहे. मिथेनॉलसारख्या द्रावकाने स्थिर केलेल्या पेशीचे पटल सच्छिद्र होते आणि एरवी बाहेर राहणारे संयुग केंद्रकात जाऊन बसते. असे चित्र सुंदर असते, पण ते मृत पेशीचे असते.

दुसरा आक्षेप प्रकाशाच्या परिणामाविषयी आहे. रुथेनियमची उत्तेजित अवस्था दीर्घकाळ टिकत असल्याने ती ऑक्सिजनला ऊर्जा देऊन सिंगलेट ऑक्सिजन निर्माण करते. याच गुणाचा उपयोग प्रकाशाधारित कर्करोगोपचारात करण्याचा प्रयत्न होत आहे. म्हणजेच ज्या दीर्घजीवी अवस्थेमुळे चित्रण स्पष्ट होते, तीच पेशीला घातक ठरू शकते. अंधारातील विषारीपणा मोजून ‘संयुग निरुपद्रवी आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच अपुरे आहे. सूक्ष्मदर्शकाखालील प्रकाशाइतक्याच प्रकाशात पेशींची जीवनक्षमता तपासली पाहिजे.

तिसरा आक्षेप मोजणीविषयी आहे. तीव्रतेवरून संयुगाचे प्रमाण ठरविता येत नाही. पेशीचे भाग वेगळे करून त्यांतील धातूचे वस्तुमान वर्णपटमापीने मोजमाप केले, तर विझलेले संयुगही हिशेबात येते. या क्षेत्रात धातू हाच साक्षीदार उपलब्ध असताना त्याची साक्ष न घेणे ही मोठी उणीव होय.

समारोप

वरील आक्षेपांमुळे या क्षेत्राचे महत्त्व कमी होत नाही. प्रश्न संयुगांच्या गुणवत्तेचा नसून पुराव्याच्या शिस्तीचा आहे. आपल्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्राचा प्राध्यापक संयुग तयार करतो आणि पेशीचे चित्र बहुधा दुसऱ्या संस्थेतून येते. दोहोंच्या मधली जबाबदारी कोणाचीच राहत नाही. निबंध लिहिताना, तपासताना किंवा विद्यार्थ्यांना वाचावयास देताना पेशी जिवंत होती काय, प्रकाशानंतर ती जिवंत राहिली काय आणि धातू प्रत्यक्ष कोठे होता, हे तीन प्रश्न रसायनशास्त्र व जीवशास्त्र या दोन्ही विभागांनी एकत्र बसून विचारले, तर पुष्कळ निष्कर्ष अधिक संयत होतील. जे त्यानंतरही टिकतील, त्यांवर पुढील संशोधन निर्धास्तपणे उभे करता येईल.