दोषगणना आणि दोषविवेक

चित्रपटातील चुका हुडकून त्यांची विनोदी यादी प्रेक्षकांपुढे मांडणे, हा यूट्यूबवर आता चांगलाच रुळलेला प्रकार आहे. त्याचा सर्वपरिचित साचा ‘सिनेमासिन्स’ या अमेरिकन वाहिनीने २०१२ मध्ये घालून दिला. चित्रपटातील एखादा तुकडा दिसतो, न दिसणारा निवेदक त्यावर खोचक वाक्य टाकतो, घंटा वाजते आणि पडद्याच्या कोपऱ्यातील ‘पापां’चा आकडा एकाने वाढतो. शेवटी एकूण बेरीज जाहीर होते आणि चित्रपटाला लुटुपुटीची शिक्षा सुनावली जाते. आपल्याकडे कनन गिल आणि बिस्व कल्याण रथ यांनी हिंदी चित्रपटांची अशीच थट्टा मांडली. मात्र तेथे घंटा नाही, दोन मित्रांचा संवाद आहे. अशी वाहिनी चालवणे हे आळशी माणसाचे काम नव्हे. चित्रपट बारकाईने पाहावा लागतो, टिपणे काढावी लागतात, वाक्य घासूनपुसून घ्यावे लागते आणि नेमक्या क्षणी तुकडा तोडावा लागतो.

या प्रकाराला समीक्षा म्हणावे काय, हा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ अन्वये दुसऱ्याच्या कृतीचा योग्य मर्यादेतील वापर ज्या कारणांसाठी क्षम्य ठरतो, त्यांत टीका आणि समीक्षा यांचा समावेश आहे. म्हणजे परक्या चित्रपटाचे तुकडे वापरणाऱ्याला कायदा आधार देतो तो समीक्षक या नात्याने. शिवाय आजचा विद्यार्थी मम्मटाचे नाव ऐकण्यापूर्वी या घंटेशी परिचित झालेला असतो. दोष म्हणजे काय, याची त्याची पहिली कल्पना तेथेच घडते. ती कल्पना कितपत टिकाऊ आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

संस्कृत साहित्यशास्त्राने दोषांची गणना करण्यात मुळीच कंजुषी केलेली नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’चा सातवा उल्लास दोषविचारासाठीच राखून ठेवला असून पद, वाक्य, अर्थ आणि रस अशा क्रमाने दोषांची वर्गवारी केली आहे. तथापि या सर्व यादीच्या आधी त्याने एक अट घातली आहे: काव्याच्या मुख्य अर्थाला, म्हणजे अंतिमतः रसाला, जो बाधा आणतो तोच दोष. त्याच्यापूर्वी आनंदवर्धनाने काही दोषांना अनित्य ठरवले होते. शृंगारात जी कर्णकठोरता खटकते, तीच रौद्ररसात साधक होते. म्हणून या परंपरेतील दोषांची यादी हे हिशेबाचे कोष्टक नाही. प्रत्येक नोंदीबरोबर ‘कशाला बाधा?’ हा प्रश्न तीत गृहीत धरलेला आहे. घंटेच्या साच्यात नेमका हाच प्रश्न गळतो. नायिकेच्या केसांची बट दोन दृश्यांत दोन बाजूंना दिसणे आणि कथेचा मुख्य धागा तुटणे, या दोहोंसाठी घंटा एकदाच वाजते.

आंजर्ल्यासारख्या गावात राहणाऱ्या प्रेक्षकाचा विचार केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. समजा, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर घडणाऱ्या चित्रपटात समुद्रातून सूर्य उगवताना दाखवला आहे. येथील समुद्र पश्चिमेला आहे. सूर्य त्यात मावळतो, उगवत नाही. तेथील शाळकरी मूलसुद्धा ही चूक पकडील. ही चूक निःसंशय आहे. परंतु ती दोष आहे की नाही, हे त्या दृश्यावर कथेचे किती ओझे आहे यावरून ठरेल. आता दुसरे उदाहरण घ्यावे. ऐन आषाढात एक मनुष्य एकटाच होडी घेऊन समुद्रात जातो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला डिवचू नये, अशी किनाऱ्यावरील रीत आहे. लेखकाला हे ठाऊकच नसेल, तर सारे कथानक कोसळते, आणि हा दोष जबर होय. पण ‘कोणी जात नाही, तरीही हा गेला’ हेच लेखकाला सांगावयाचे असेल, तर तीच घटना कथेचे मर्म ठरते. वस्तुस्थिती एकच असूनही निर्णय दोन निघतात. बेरजेच्या आकड्यात हा फरक मावत नाही.

भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही या प्रकारातील एक लकब लक्षणीय आहे. त्यातील असंख्य नोंदी ‘हा तेथे कसा पोहोचला?’ अशा प्रश्नरूपाच्या असतात. प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक असते. अज्ञानाचे सोंग हेच येथे हास्याचे साधन असते. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर आले, तर कर्ता आणि क्रियापद कोठे गेले, असे कोणी विचारत नाही. ऐकणारा अध्याहाराने वाक्य पुरे करतो. चित्रपटाचीही हीच रीत आहे. हर्णैच्या बंदरावर उभे असलेले पात्र पुढच्याच दृश्यात कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या चढताना दिसले, तर मधली खाडी प्रेक्षक मनातच ओलांडतो. जुन्या काळची कथा असेल तर होडीने, आजची असेल तर पुलावरून. ती खाडी दाखवली नाही म्हणून घंटा वाजवणे म्हणजे लाघवालाच न्यूनता ठरवणे होय. २०१७ मध्ये ‘काँग: स्कल आयलंड’चे दिग्दर्शक जॉर्डन व्होग्ट-रॉबर्ट्स यांनी ‘सिनेमासिन्स’विरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त केली. कलावंताचा दुखावलेला अहंकार म्हणून ती सोडून देणे सोपे आहे. परंतु जाणूनबुजून केलेली योजना चूक म्हणून मोजली जाते, ही तक्रार अहंकारातूनच येते असे नव्हे.

येथे असा आक्षेप येईल की, विनोदाला साहित्यशास्त्राचा तराजू लावणे अन्यायाचे आहे. मराठीपुरते तरी या आक्षेपाला उत्तर आहे. ‘केशवकुमार’ या नावाने प्र. के. अत्रे यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली आणि रविकिरण मंडळातील कवींच्या लकबींची मनसोक्त टर उडवली. अत्र्यांनी निसटत्या चुका वेचल्या नाहीत. वारंवार येणारी, अंगवळणी पडलेली सवय तेवढी पकडली. शिवाय ती दाखवण्यासाठी त्यांना त्याच वृत्तात, त्याच शब्दकळेत लिहावे लागले. अनुकरणात दोष हे दोष राहत नाहीत, हे मम्मटाने सांगितलेच आहे. विडंबनकाराला मूळ कृतीची कारागिरी हस्तगत करावी लागते, आणि ही अटच त्याच्या विनोदातील विवेक सांभाळते. घंटा वाजवणाऱ्यावर अशी कोणतीही अट नाही.

याच अत्र्यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ पडद्यावर आणला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट ठरला. साने गुरुजींचे पालगड हे आंजर्ल्याच्याच दापोली तालुक्यातील गाव. या चित्रपटात अश्रू किती वेळा ढळतात आणि दापोलीकडील अनुनासिक उच्चार किती ठिकाणी हुकतात, याची मोजदाद कोणालाही करता येईल. परंतु त्या मोजदादीतून, दुसऱ्यांच्या भाबडेपणाची थट्टा करून नाव मिळवलेल्या लेखकाने स्वतः भाबडेपणाच्या इतक्या जवळ जाण्याचा धोका का पत्करला, या प्रश्नाला स्पर्शही होणार नाही. समीक्षेचे काम मात्र तेथूनच सुरू होते.

मौखिक परंपरेतही हाच विवेक वेगळ्या रूपाने दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यातील शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एक शाहीर दुसऱ्याला कोडे घालतो, त्याच्या गीतातील वैगुण्य काढतो, प्रसंगी झोंबणारी थट्टा करतो. श्रोते त्यावर मनमुराद हसतात. परंतु ज्याची थट्टा झाली तो समोरच उभा असतो आणि पुढची पाळी त्याचीच असते. क्षुल्लक खोड काढणारा शाहीर त्याच बैठकीत उघडा पडतो. जिवंत प्रतिपक्ष हाच तेथील तराजू आहे. वाहिनीवरील निवेदकापुढे असा प्रतिपक्ष नसतो. चित्रपटाचा तुकडा तो हवा तेथे तोडू शकतो, आणि तोडलेला तुकडा उत्तर देत नाही. कनन गिल आणि बिस्व यांच्या संवादात दुसरा आवाज आहे खरा. पण तोही बहुधा फिर्यादीच्याच बाजूचा.

या प्रकाराचे श्रेयही नाकारता येणार नाही. तो प्रेक्षकाला डोळे उघडे ठेवून पाहावयास शिकवतो आणि प्रचंड खर्चाच्या जोरावर मिरवणाऱ्या चित्रपटांचा दिमाख उतरवतो. समीक्षेची पहिली पायरी निरीक्षण हीच असल्याने हे कार्य लहान नव्हे. परंतु पहिल्या पायरीवरच निकाल जाहीर करणे ही त्याची मर्यादा आहे. मराठीत अशी वाहिनी काढू इच्छिणाऱ्याने घंटा जरूर ठेवावी. मात्र प्रत्येक नोंदीपूर्वी कशाला बाधा आली हे सांगण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. नोंदी कमी होतील, आकडाही लहान राहील, पण आषाढात होडी घेऊन निघालेला तो मनुष्य अजाण लेखकाने पाठवला आहे की जाणत्या, हे प्रेक्षकाला कळू लागेल.